कापसाच्या खोलीतलं शेवटचं गाणं

भाऊ,

तुझा फोन सध्या माझ्याकडे आहे. तो वाजला की वहिनीच्या काळजात धस्स होतं, म्हणून तिसऱ्या दिवशीच तिने तो माझ्या हातात ठेवला. "ताई, याचं काय ते तुम्हीच बघा," म्हणाली. आज तेरावा झाला. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले, आणि धुळ्याच्या तुझ्या या दोन खोल्यांत आता मी, वहिनी आणि तुझा थरथरणारा फोन एवढेच उरलोय. तुझा 'कापूसवाले' ग्रुप काही गप्प बसायला तयार नाही.

काय एकेक माणसं जमवलीस रे! साता समुद्रापलीकडचा बँड, त्यातले दोघे कधीच वारले, उरलेले म्हणे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे हे आपले खानदेशी. ग्रुपचा नियम तुझाच. जो नवा येईल त्याने आधी सांगायचं, हा बँड तुला पहिल्यांदा कुठे सापडला. बाकीच्या गप्पा मग. यावलचा तो एक जण केळीच्या ट्रकवर क्लीनर होता. सरदारजी ड्रायव्हरने घाटात एक कॅसेट लावली आणि हा उतरायचं गाव विसरला. पहूरच्या शिंप्याला त्याच्या मेव्हण्याने आखातातून कॅसेट आणून दिली, ती त्याने सहा महिने लावलीच नाही. कव्हरवरची केसाळ माणसं बघून त्याला वाटलं, काहीतरी वंगाळ असणार.

आणि तुझी गोष्ट. तेरा दिवस सगळे तीच पुन्हा पुन्हा टाकतायत. विलासभाऊंना हा बँड जळगावच्या जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात सापडला. बिनकव्हरची, बिननावाची कॅसेट, हातात घेताच वाटलं हिच्यात काहीतरी आहे. खाली रडके चेहरे, जोडलेले हात. कुणीतरी तर लिहिलंय, 'भंगारातून सोनं काढणारा माणूस गेला.'

ती गोष्ट खोटी आहे. हे माहीत असलेली आता दोनच माणसं आहेत, एक मी आणि दुसरा सलीम. तुझ्या त्या खोट्याच्या खाली माझंही एक खोटं दबलेलं आहे, ते मात्र तुला शेवटपर्यंत कळलं नाही. ते सांगायला बसलेय. तू समोर नाहीस म्हणून हे जमतंय, हेही कबूल करते.

भंगार कसलं, भाऊ! भडगावला बसस्टँडच्या मागे सलीमच्या अब्बांचं, म्हणजे आपल्या चाचांचं, रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तू आणि सलीम आठवीपासून एका बाकावरचे. कुणीतरी एक टू-इन-वन दुरुस्तीला टाकून गेला, त्याच्या पोटात एक कॅसेट अडकलेली. चाचांची रीत अशी की मशीन दुरुस्त झालं की आत जे असेल तेच लावून बघायचं. सलीमने लावलं, आणि तो स्टुलावरून उठलाच नाही. मालक परत आलाच नाही. मग ती कॅसेट चाचांची चेकिंगची झाली, कारण तिच्यातलं शेवटचं गाणं अगदी हळू सुरू व्हायचं आणि शेवटी घरं हलवायचं. कोणताही स्पीकर फाटका असेल तर त्या गाण्यात उघडा पडायचा. सगळ्या गल्लीला ते 'चेकिंगवालं गाणं' म्हणून माहीत होतं. म्हणजे बघ, तुझ्याआधी हा बँड भडगावच्या अख्ख्या गल्लीला सापडला होता.

आणि सलीमने ती कॅसेट तुला देऊन टाकली. दुसरीवर भरून नाही दिली, तीच दिली. मागच्या कडेचा प्लास्टिकचा दात मोडून दिली, घरात कुणी चुकून वर काही रेकॉर्ड करू नये म्हणून. "मनाकडे काय न् तुनाकडे काय, एकच शे," म्हणाला.

आपल्याकडे ती लावायला एकच जागा होती, कापसाची खोली. दिवाळी उलटली की आबा तिच्यात आढ्यापर्यंत कापूस भरायचे. त्या ढिगात बसलं की अंगाला खाज सुटायची, पण आतला आवाज बाहेर ओसरीवर यायचा नाही. बाहेरचं काही आत नाही, आतलं काही बाहेर नाही. पुढे तू कुठल्या कुठल्या महागड्या हेडफोनांची नावं घ्यायचास, तेव्हा मला हसू यायचं. तसा आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही. बँडचं नाव आपल्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून तुम्ही दोघं त्यांना 'कापूसवाले' म्हणायचात. ग्रुपला वाटतं, खानदेश म्हणून कापूस.

मी तेव्हा आठवीत. सलीम आला की तू मला बाहेर काढायचास. "तुले काय समजस त्यामा? जाय, आईले मदत कर." मी दाराला कान लावून बसायचे. दार जाड, कापूस त्याहून जाड. तरी ते शेवटचं गाणं मला पाठ झालं होतं. शब्द नाही, इंग्रजी कुठलं यायला, पण चाल पाठ. तुम्हा दोघांचा तो बँड माझाही होता, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.

मग तू बारावीला जळगावला खोली घेतलीस आणि शनिवारी शनिवारी यायला लागलास. त्या हिवाळ्यात कॅसेटची पट्टी मशीनमध्ये गुंतली. तू ती सलीमला दिलीस. त्याने नीट करून बुधवारी सायकलवर घरी आणली आणि माझ्या हातात दिली. गुरुवारी आई-आबा शेतात होते. मी कापसाच्या खोलीत गेले.

मला काय करायचं होतं, ते नीट सांगते. मला त्यांच्याबरोबर गायचं होतं. माझी समजूत अशी की गाण्यावर आपण गायलो की दोन्ही राहतं. त्यांचं खाली आणि आपलं वर, भिंतीवर एक रंग आणि त्यावर दुसरा. तू शनिवारी लावशील आणि त्या माणसाच्या आवाजाबरोबर एकदम माझा आवाज येईल, मग बघू मला कोण बाहेर काढतं! दात मोडलेला होता, पण रेकॉर्डचं बटण कसं दाबायचं ते मी दुकानात चाचांना करताना पाहिलं होतं. ते भोकात कागदाचा बोळा कोंबायचे. माझ्या हाताशी कापूस होता. बोटाने एक बोंडभर ओढला, सरकीसकट, आणि दाबून बसवला.

गायले. मन लावून गायले, भाऊ. मग उलटं फिरवून लावलं तर त्यांचं काहीच नाही. नुसता माझा किरटा आवाज, चाल सोडून कुठेतरी भरकटलेला.

मी काय केलं असतं तर ठीक झालं असतं, याचा हिशेब मी आयुष्यभर करतेय. तेव्हा एकच सुचलं. माझा आवाज तरी सापडू नये. पुन्हा मागे नेलं, पुन्हा रेकॉर्ड दाबलं आणि गप्प बसून राहिले, पट्टी संपेपर्यंत. कापसात, गुडघ्यात तोंड घालून. नंतर भोकातला कापूस काढला, निदान काढला असं मला वाटलं, आणि कॅसेट होती तिथे ठेवून दिली.

शनिवारी तू लावलीस. शेवटच्या गाण्याच्या जागी खरखर. पाच-सात सेकंद ऐकून तू बंद केलंस. कॅसेट उलटून बघितलीस. दात मोडलेलाच होता, म्हणजे घरात कुणाला रेकॉर्ड करणं शक्य नाही. म्हणजे सलीम. तुझं डोकं नेहमी असं सरळ रेषेत चालायचं. वर चोराच्या मनात चांदणं! कॉलेजात तू सगळ्यांना सांगत होतास की हा बँड मी शोधला, आणि सलीमला ते कळलं होतं. आधीच्या आठवड्यात त्याने त्यावरून तुला चिडवलंही होतं. त्याचाच सूड, असं तू धरून बसलास.

संध्याकाळी तू भडगावला निघालास. मला वही आणायची होती, म्हणून मी सायकलच्या मागे बसले. खरं सांगू? वही नको होती. घरात बसवेना.

दुकानात चाचा होते, दोन गिऱ्हाइकं होती. तू कॅसेट काउंटरवर फेकलीस.

"शेवटलं गाणं कोठे शे?"

सलीमला काही कळेना. "कोठे म्हंजे? त्यामाच शे."

"तू पुसं ते. मी मनं म्हनीसन सांगस, ते तुले खुपनं."

"मी कसाले पुसू रे? मीच ती तुले दिन्ही ना?"

इथे थांबायला हवं होतंस. त्याचा चेहरा बघितला असतास तरी थांबला असतास. पण तू म्हणालास, "तुम्हना लोकेसवर इसवास ठेवालेच नको व्हता."

'तुम्हना लोके' म्हणजे कोण, ते त्या दुकानात सगळ्यांना कळलं. दिवसच तसे होते तेव्हा, लोक आधी नाव विचारायचे आणि मग बोलायचे. पण आपल्या घरात नव्हतं रे तसं. ते वाक्य तू कुठून उचललंस, कुणास ठाऊक. चाचांनी हातातली तापलेली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि हळू म्हणाले, "बेटा, शाम हो रही है. बच्ची को घर ले जा."

ती बच्ची पायरीवर उभी होती. तिच्या तोंडात एक वाक्य होतं, चार शब्दांचं. ते तिने गिळलं.

त्यानंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत, कधीच. चाचा गेले तेव्हाही तू गेला नाहीस. दोन वर्षांनी तुला जळगावात बँडचं नाव कळलं, मग कॅसेटी आल्या, मग सीडी, मग फोनमध्ये सगळंच. तू धुळ्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलास, ग्रुप काढलास. आणि ती भंगाराची गोष्ट रचलीस. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी तुला एका बाजूला घेऊन विचारलं, "यात सलीम कुठेय?" तू म्हणालास, "सलीमला घेतलं की पुढचंही सांगावं लागेल." मला वाटलं, तुझा राग गेला नाही. किती वर्षं मी तसंच समजत होते. दर राखीला आपलं तेच भांडण. मी म्हणायचे, जा भेटून ये, पाण्यात काठी मारल्याने पाणी तुटतं का? तू म्हणायचास, हा विषय नको. मी किती चांगली बहीण, नाही? भांडण मिटवा म्हणून सांगणारी. मिटवायचं औषध माझ्याच कनवटीला होतं आणि मी तुला म्हणी ऐकवत होते.

आणखी एक मला दिसायचं. ते शेवटचं गाणं तू कधी लावत नव्हतास. त्याच्या आधीचं संपलं की तुझा हात जायचाच बटणाकडे.

मग तुझं ते डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोन दुपारी. मंगळवारची पाळी माझी, जळगावहून सकाळच्या बसने यायचं. मी शिकवते त्या शाळेने रजा दिली, तू वाद दिलेस. ढोलवाला मोठा की गिटारवाला, यावर तू नळ्या लावलेल्या हाताने मुद्दे मांडायचास आणि नर्स तुला दटावायची. त्या मंगळवारांसाठी मी तुझी ऋणी आहे, भाऊ. आठवीत दाराबाहेर ठेवलेल्या मला तू तेव्हा आत घेतलंस. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या.

शेवटच्या आधीच्या मंगळवारी तू म्हणालास, "नंदे, शेवटचं लाव."

मी लावलं. सगळं ऐकलंस, डोळे मिटून. संपल्यावर म्हणालास, "गाण्याचं मला काही नव्हतं गं. गाणं काय, मिळालंच असतं कुठेतरी. मी जे बोललो ना त्या दुकानात, ते. चाचांसमोर." मग थोड्या वेळाने, "सलीमचा नंबर मिळव. ये म्हणावं. मला जाता येणार नाही."

नंबर मिळवायचा कसला? माझ्याकडे होता. सलीम भडगावला त्याच दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या पुतण्याने कधीतरी दिला होता.

"उद्या करते," मी म्हटलं.

बुधवारी केला नाही. गुरुवारी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तो आला असता, तुम्ही दोघं बसला असता, बोलता बोलता त्या कॅसेटवर आला असता. सलीमने शपथ घेतली असती की मी नाही पुसलं, आणि तू, सरळ रेषेत डोकं चालणारा तू, मान वळवून माझ्याकडे बघितलं असतंस. मला ते बघणं नको होतं. पुढच्या मंगळवारी तू विचारलंस, "केलास का?" मी म्हटलं, "लागत नाही, पुन्हा करते." तू मान हलवलीस. शुक्रवारी सकाळी तू गेलास.

चुकून झालं ते गाणं पुसण्यापुरतं. तेव्हा मी नववीत होते. फोन केला नाही तेव्हा माझे केस पांढरे होते.

काल दुपारी सलीम आला. दुःखाच्या घरी दारावर येतात तसा, डोक्याला रुमाल बांधून, चपला पायरीखाली काढून. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं. वहिनीने पाणी दिलं. तो तुझ्या फोटोकडे बघत राहिला, मग त्याने खिशातून कॅसेट काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मागची कड माझ्याकडे करून.

भोकाच्या अगदी तळाशी कापूस होता. चिमटीत येईल एवढा, पिवळट पडलेला, त्यात सरकीचं काळं टरफल. मी काढला होता, पण सगळा निघाला नव्हता.

"आम्ही कागद कोंबतस," सलीम म्हणाला. "कापूस कोन कोंबी? ज्याना घरमा शे तोच." मग म्हणाला, "त्या दिन मी ती आखी ऐकी. हेडफोन लाईसन. गाणं नही, कोनी बोलनं नही. एक पोर रडी राहिनी व्हती."

मला वाटलं होतं, मी गप्प बसले होते. मी शांतताच भरली होती असं मला आजवर वाटत होतं, भाऊ.

"तुले म्हाईत व्हतं," मी म्हटलं. "मंग सांगं काब्र नही?"

"तुले मारतीन असं वाटनं. तुनी शाळा बंद करतीन." त्याने पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "न् तू सांगशी असं वाटनं व्हतं. आज नही ते उद्या. मी वाट देखी."

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने ते विचारलं, जे विचारायलाच तो भडगावहून दोन बस बदलून आला होता. "त्यानी माले कधी बलायं व्हतं का?"

नाही, बोलावलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तो उठून गेला असता, मीही सुटले असते. वहिनीला काही माहीत नव्हतं. फोटोतला तू तर काय बोलणार होतास?

"हा," मी म्हटलं. "बलायं व्हतं. मीच फोन करा नही."

सलीमने मान खाली घातली. "बलायं व्हतं," तो स्वतःशीच म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, "बलायं व्हतं." रुमालाने तोंड पुसलं. आनंद होता का राग, मला कळलं नाही. दोन्ही असेल. मग त्याने कॅसेट उचलली, दुरुस्तीवाल्याच्या सवयीने बारीक चिमट्यासारख्या नखांनी तो कापूस भोकातून ओढून काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि कॅसेट खिशात घालून निघाला. मी हात पुढे केला होता, कॅसेटसाठी.

"ही तुनाकडे नको," तो पायरीवरून म्हणाला. "ही मन्ही शे. त्यानी परत करेल शे."

तर भाऊ, ग्रुपचा नियम तुझाच. हा बँड पहिल्यांदा कुठे सापडला ते सांगितल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. मी इतकी वर्षं ग्रुपवर आहे, बहीण म्हणून मला कुणी विचारलं नाही आणि मीही लिहिलं नाही. आता तुझ्याच फोनवरून हे सगळं टाकतेय. भंगाराची गोष्ट खोटी होती, हा बँड भडगावच्या सलीमला सापडला आणि त्याने तो विलासभाऊला दिला, ही पहिली ओळ. शेवटचं गाणं मी पुसलं, ही दुसरी. तुझे लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत.

कापूस कागदात बांधून ठेवलाय. वहिनीने मघाशी विचारलं, "यांच्या फोटोपुढे ठेवू का?" नको म्हटलं. तो माझा आहे.